एकवर ठेवलेली शेगडी

वीज जाणार हे आधीपासून ठाऊक होतं. खाली जिन्यापाशी सूचना लावली होती: रस्त्याखालची केबल बदलायची आहे, सकाळी पुरवठा बंद, दुपारी सुरू. तेव्हा गाफील राहिलो असं म्हणायची सोय नव्हती, आणि ती गाफील राहणारी बाई नव्हतीच. तिने आदल्या दिवशीच पाणी भरून ठेवलं, फोन चार्ज करून ठेवले, टॉर्चचे सेल बदलले आणि पॅसेजमधल्या इन्व्हर्टरच्या बॅटरीपाशी इतक्यांदा वाकून पाहिलं की नवरा बूट चढवता चढवता म्हणाला, "लढाईवर निघालीस की काय?"

"तुझं काय जातंय बोलायला? तू दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात. हाक मारली तरी ऐकू जायचं नाही."

"वीज गेली की आमची चांदी असते बाई. आज एकेका इमारतीत दोन दोन माणसं अडकणार." तो लिफ्टचा मेकॅनिक होता. अडकलेल्या माणसांना बाहेर काढताना तो त्यांना विनोद सांगतो असं त्याचं म्हणणं होतं. घरी जे विनोद ऐकायला मिळत त्यावरून तिला त्या माणसांची दया यायची.

"येताना मास्क आण."

"आणतो."

"पंपाचा. लहान मुलांचा. विसरलास तर दाराबाहेर झोप."

"बाहेर जिन्यात वारा चांगला येतो," असं म्हणत तो गेला, आणि लिफ्ट आता बंदच पडणार म्हणून सात मजले उड्या मारत उतरला.

मास्क लागणार होता तो भुंग्याला. भुंगा म्हणजे त्यांचा मुलगा, दीड वर्षाचा. छातीत घरघर सुरू झाली की त्याला वाफेच्या मशीनमधून औषध द्यावं लागे. मशीन लावलं की ते घूंऽऽ असा एकसुरी आवाज काढी, आणि मास्कच्या आतून हाही पठ्ठ्या त्याच्या सुरात सूर मिसळून घुमायला लागे. पहिल्यांदा तो असा घुमला तेव्हा त्याची आजी, म्हणजे तिच्या सासूबाई, हसून हसून खाली बसल्या होत्या, आणि त्या दिवसापासून कागदावरचं नाव कागदावरच राहिलं. मशीनखेरीज औषधाचा एक पंपही होता, तोंडावर मास्क धरून दाबायचा, विजेची गरज नसलेला. पण भुंग्याला नवे दात येत होते आणि पंपाच्या मास्कची मऊ कड त्याने उंदरासारखी कुरतडून टाकली होती, त्यामुळे औषध बाहेरच निसटे. म्हणजे आजच्या दिवसापुरतं सगळं मशीनवर, मशीन इन्व्हर्टरवर, आणि इन्व्हर्टर त्या पॅसेजमधल्या काळ्या पेटाऱ्यासारख्या बॅटरीवर.

मागच्या थंडीत भुंगा दवाखान्यात होता. त्या दिवसांबद्दल घरात कुणी बोलत नसे. डॉक्टरीणबाईंनी निघताना एवढंच विचारलं होतं, "घरात धूर, उदबत्ती, सिगारेट? स्वयंपाकघराला खिडकी मोठी आहे ना? गॅसच्या ज्वाळेचाही काही मुलांना त्रास होतो." बाई सहज बोलून गेल्या, पण हिच्या डोक्यात ते खिळ्यासारखं रुतलं. लग्नाआधी ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करायची. दिसायला नितळ असलेल्या पाण्यात काय काय सापडतं ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे न दिसणाऱ्या गोष्टींवर तिचा फार विश्वास. महिना उलटायच्या आत गॅसची शेगडी गेली आणि ओट्यावर काळ्या काचेची इंडक्शनची शेगडी आली.

सासूबाई भुंग्याच्या आजारपणात आल्या त्या मग इथेच राहिल्या. त्यांना ही शेगडी मुळीच मानवली नाही. "जाळ दिसत नाही, तर कळायचं कसं काय चाललंय ते?" त्या म्हणत. "आंधळ्याने बघावं आणि मुक्याने सांगावं, तसलं हे यंत्र."

"आकडा दिसतो की, आई."

"आकडा दिसतो. आकड्यावर का भात शिजतो?"

पण सासूबाई शिकल्या. नऊवर दूध उतू जातं, पाचवर भात होतो, एकवर नुसतं गरम राहतं, हे त्यांनी बोटांवर पाठ केलं. आणि वीज गेल्यावर काय करायचं तो नियम सुनेने शेगडीच्या कडेलाच लावून ठेवला होता. दवाखान्यातून उरलेली पांढरी कागदी चिकटपट्टी, तीवर निळ्या पेनने लिहिलेलं: बॅकअपवर फक्त १.

हा नियम हवेतून आला नव्हता. शेगडी एकवर ठेवली की काचेवर तीनशे वॅट असा आकडा उमटे. इन्व्हर्टर आठशेपर्यंतचा भार सोसतो असं त्याच्या पाठीवर छापलं होतं. आठशेच्या पिशवीत तीनशे मावतात हे शेंबडं पोरही सांगेल. शिवाय एका रविवारी नवऱ्याने मुद्दाम मुख्य बटण पाडून, शेगडी एकवर ठेवून दोन कप चहा करून दाखवला होता. "झालं समाधान?" त्याने विचारलं होतं. तिचं समाधान सहसा होत नसे, त्या दिवशी मात्र झालं होतं.

तर दुपार झाली. जेवणं झाली. दुपार कलली, समोरच्या इमारतीची सावली बाल्कनीच्या कठड्यावर चढली, तरी वीज काही फिरकली नाही. खाली रस्ता खणून ठेवलेला, पिवळ्या टोप्यांची माणसं खड्ड्याभोवती उभी राहून आत बघत होती. वरून पाहताना वाटे, काहीतरी पडलंय आणि कुणालाच काढता येत नाहीये.

आणि भुंगा झोपेत खोकला.

एकदाच. पण ती जागच्या जागी थबकली. खोकल्याचे प्रकार असतात. सर्दीचा ओला, हट्टाचा खोटा, आणि एक हा, कोरडा, शेपूट नसलेला. ती पलंगापाशी गेली, त्याचा सदरा वर केला आणि फासळ्यांखालच्या खोलगट भागाकडे बघत बसली. श्वास आत जाताना तिथली कातडी ओढली जातेय का? जातेय. जरा. की उजेडाचा भास? तिने पडदा सारला आणि पुन्हा पाहिलं.

"झोपू दे की त्याला," सासूबाई दारातून म्हणाल्या. "बघून बघून भोक पाडशील पोराला."

"आई, हे बघा. इथे. खड्डा पडतोय ना?"

सासूबाई चष्मा लावून वाकल्या. त्यांना काही दिसलं की नाही कोण जाणे, पण त्यांचा आवाज उतरला. "गरम काहीतरी जाऊ दे पोटात. भाज्या चिरलेल्याच आहेत, पातळ सूप करते. लावू ना शेगडी?"

"लावा. पण..."

"एकवर. ठाऊक आहे गं बाई. मला मरताना कुणी शेवटचा शब्द विचारला तर तोंडातून 'एकवर' असंच निघेल."

ती हसली नाही. तिने मशीन खाली काढलं, औषधाची कुपी मोडून मशीनच्या वाटीत ओतली, नळी जोडली, प्लग लावला. भुंगा उठला, किरकिरला, मग मास्क ओळखीचा म्हणून गप्प झाला. घूंऽऽ. मशीन सुरू झालं. मास्कमधून पांढरी वाफ निघाली. ती त्याला छातीशी धरून थांबली. आता घुमेल. आता.

तो घुमला नाही. त्याला श्वासाचंच काम इतकं होतं की गाण्याला सवड नव्हती.

डोक्यावरचा पंखा अचानक हळू झाला. मग पुन्हा फिरला. पुन्हा हळू. मशीनचा सूर खाली गेला, जणू कुणी त्याच्या तोंडावर उशी दाबली, आणि पॅसेजमध्ये इन्व्हर्टरने कान फोडणारी किंकाळी मारली. सगळं बंद. वाफ मास्कच्या भोकाशी आली आणि विरून गेली.

 पण ती उठायच्या आत इन्व्हर्टर खट् करून आपोआप सुरू झाला, पंखा डुलला, मशीन घूंऽऽ करू लागलं. ती श्वास सोडते न सोडते तोच पुन्हा सूर पडला, पुन्हा किंकाळी, पुन्हा सगळं बंद.

भुंग्याला कडेवर घेऊन ती पॅसेजमध्ये धावली. इन्व्हर्टरवर लाल दिवा मिचमिचत होता, बॅटरीच्या चित्रापाशी. संपत आली. सकाळपासून पंखे, दिवे, फ्रिज, संपणारच. आपणच उधळली, तिला वाटलं. दुपारी वीज येते म्हटल्यावर पंखे काटकसरीने लावायचे कशाला, असं आपणच म्हणालो. आता जेवढी उरलीय तेवढी मशीनसाठी. बाकी एक थेंब कुणाला नाही.

"आई! सगळं बंद करा! पंखे, दिवे, सगळं!"

तिने स्वतःच झपाट्याने बटणं पाडली. फ्रिजचा प्लग ओढला, इंटरनेटचा डबा बंद केला, देवघरातला झिरोचा दिवासुद्धा मालवला. स्वयंपाकघराच्या दारात सासूबाई हातात पळी घेऊन उभ्या होत्या.

"शेगडीपण?"

ती क्षणभर थांबली. "कितीवर आहे?"

"एकवरच आहे. तुझ्या पट्टीची शपथ."

"मग राहू दे. ती कितीसं खातेय. सूप तरी गरम होईल त्याला."

असं ती म्हणाली. घरातली एकूण एक वस्तू तिने संशयाने पाहिली, कोपऱ्यातल्या मुंगीएवढ्या दिव्यालाही माफ केलं नाही, आणि एकीलाच सोडून दिलं, कारण तिच्यावर तिने स्वतःच्या अक्षरात पट्टी लावलेली होती.

इन्व्हर्टर पुन्हा सुरू झाला. ती खोलीत येऊन बसली, मशीन लागलं, चार श्वास गेले असतील नसतील, आणि तिसरी किंकाळी आली. ही लांबलचक होती. तिच्यामागे जी शांतता आली ती तशीच राहिली. खट् आवाज आला नाही.

वाटीत अर्धं औषध तसंच होतं. भुंग्याच्या नाकपुड्या फुलत होत्या आणि मिटत होत्या. गळ्याच्या खालच्या खळीत प्रत्येक श्वासाला अंगठा बुडेल एवढा खड्डा पडत होता, आणि आता त्याला उजेडाचा भास म्हणायची सोय नव्हती. डॉक्टरीणबाईंचं वाक्य तिला तोंडपाठ होतं: खड्डे दिसले की लगेच औषध द्यायचं, दिलं आणि उतार पडला नाही तर वाट बघायची नाही, उचलायचं आणि यायचं. पण औषध धड दिलंय असंही नाही आणि दिलं नाही असंही नाही, तेव्हा काय करायचं, हे त्या बोलल्या नव्हत्या.

तिने नवऱ्याला फोन लावला. ज्या माणसाशी आपण संपर्क साधू इच्छिता. पुन्हा लावला. तीच बाई, तोच गोड आवाज.

सासूबाई दारात आल्या. पदराला हात पुसत, काही तरी बोलायचं म्हणून, घाबरलेली माणसं बोलतात तसं, त्या बोलून गेल्या, "गॅस असता तर निदान..."

"गॅसवर मशीन चालतं का, आई?"

तिचा आवाज पात्यासारखा कापत गेला.  सासूबाई वळून स्वयंपाकघरात गेल्या. तिला वाईट वाटलं, पण वाईट वाटायला पुढे सगळा जन्म पडला होता.

पॅसेजमध्ये जाऊन तिने भुंग्याला एका मांडीवर घेतलं आणि दुसऱ्या हाताने इन्व्हर्टरचं बटण दाबून ठेवलं. लाल दिवा विझला. नवरा एकदा म्हणाला होता, लिफ्ट असो नाहीतर काही असो, रुसलेल्या यंत्राला पूर्ण बंद करायचं, जरा एकटं सोडायचं, मग बोलवायचं. माणसांनाही हेच लागू आहे, असं तो पुढे म्हणाला होता. तिने दम धरला. मग पुन्हा बटण दाबलं.

हिरवा दिवा लागला.

ती जवळजवळ पळतच खोलीत आली. प्लग, नळी, मास्क. घूंऽऽ. वाफ आली. तिने भुंग्याची पाठ आपल्या छातीला टेकवली, हनुवटी त्याच्या टाळूवर ठेवली आणि डोळे मिटले. डोळ्यांनी बघायचं ते बघून झालं होतं. आता ऐकायचं. गेले कित्येक महिने ती हेच करत आली होती. सगळं घर झोपलं की अंधारात पडल्या पडल्या त्या एवढ्याशा छातीचे आवाज वेगवेगळे करायचे. हा नाकाचा, हा घशाचा, हा त्याच्याही खालचा. नवरा म्हणे, तुझे कान आता वटवाघळासारखे झालेत.

श्वास आत. बारीक शिट्टी. श्वास बाहेर. लांब शिट्टी. मागे मशीनची घूंऽऽ.

आणि आणखी एक आवाज.

लांबून, भिंतीपलीकडून. हूंऽऽम्. स्वयंपाकघरातून. तो आला आणि मशीनचा सूर खाली बसला. तो थांबला आणि मशीनचा सूर सावरला. गप्प. गप्प. पुन्हा हूंऽऽम्. पुन्हा मशीन खचलं. पुन्हा तो थांबला, आणि मशीन उभं राहिलं.

तिने डोळे उघडले नाहीत. ती हललीही नाही. हा आवाज आपल्याला ओळखायचाय हे तिला कळलं होतं. हूंऽऽम्, आणि थांबला. जो पदार्थ मंद जाळावर ठेवलाय तो एकसारखा, बारीक बारीक रटरटत राहतो. मंद जाळ असा येत जात नाही. हा मंद नव्हताच. हा धो धो पेटलेला जाळ होता, जो थोडा वेळ पेटे, मग साफ विझे, मग पुन्हा तसाच धो धो पेटे. काचेवर लिहिलेले तीनशे ही नुसती गोळाबेरीज होती. एखाद्याने दिवसभर उपाशी राहून एका बैठकीत वीस भाकऱ्या हाणायच्या आणि सांगायचं, सरासरी काढा हो, माझा आहार बेताचा आहे! भरलेल्या बॅटरीने रविवारी तो धक्का सोसला. सकाळपासून दमलेली बॅटरी प्रत्येक धक्क्याला गुडघ्यावर येत होती, आणि इन्व्हर्टर तिला संपली समजून ओरडत होता.

म्हणजे बॅटरी संपली नव्हती.

"आई! शेगडी!"

"एकवरच आहे गं!"

"प्लग काढा! एक म्हणजे कमी नाहीये! ओढा तो प्लग!"

भांडं सरकल्याचा आवाज आला, काहीतरी सांडलं, आणि त्याच क्षणी पॅसेजमधून लांब किंकाळी उठली. मशीन थांबलं. शेवटची वाफ भुंग्याच्या पापण्यांवर बसली.

सासूबाई खोलीच्या दारात आल्या तेव्हा त्यांच्या हातात शेगडीची वायर लोंबत होती. उंदराचं शेपूट धरावं तशी त्यांनी ती धरली होती. चेहरा पांढराफटक. "काढला. काढला बघ. मी... दिवा आला की मीच परत लावत होते गं. बंद पडायची, दिवा आला की मी पुन्हा एकवर लावायची. तुला विचारलं असतं तर तू..." पुढचं त्यांनी गिळलं.

त्यांच्याशी बोलायला तिच्याकडे वेळ नव्हता. तिच्यापुढे दोन रस्ते होते आणि दोन्हींवर काळोख होता. आत्ता उचलायचं, सात मजले उतरायचे, खणलेला रस्ता ओलांडून पलीकडे गाडी शोधायची, आणि तेवढा वेळ या छातीला काहीच नाही. नाहीतर पुन्हा इन्व्हर्टर लावायचा, उरलेलं अर्धं औषध द्यायचं. आणि आपण जे ऐकलं ते चुकीचं असलं, बॅटरी खरंच संपलेली असली, तर तेवढा वेळ फुकट. घरातले सगळे तिला शंकेखोर म्हणत. चालत्या गाडीचं चाक निखळेल म्हणणारी, बंद कुलूप तीनदा ओढून बघणारी. तिचा स्वतःवर विश्वास बसायला कुणाची तरी सही लागे, आणि आज सही करणारा लिफ्टच्या खड्ड्यात होता.

भुंग्याने मान मागे टाकली आणि तिच्याकडे पाहिलं. रडला नाही. रडायला लागणारी हवासुद्धा तो जपून वापरत होता.

"आई," ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका शांत आहे याचं तिलाच नवल वाटलं, "त्याची पिशवी घ्या. फाइल घ्या. चपला घाला आणि दार उघडं करून उंबऱ्यात उभ्या राहा. मी मशीन लावतेय. एकदा जरी अडखळलं, तरी त्याच पावली निघायचं. मला विचारायचं नाही, मी रडले तरी थांबायचं नाही. मी मागे येतेच."

"माझे गुडघे..." सासूबाई सवयीने म्हणाल्या, मग स्वतःच म्हणाल्या, "मरोत ते गुडघे," आणि चपला शोधायला गेल्या.

तिने बटण दाबलं. एकटं सोडलं. पुन्हा दाबलं.

हिरवा.

ती आता पळाली नाही. मशीनच तिने उचलून पॅसेजमध्ये आणलं, इन्व्हर्टरच्याच पाठीवरच्या सॉकेटमध्ये लावलं आणि भुंग्याला घेऊन तिथेच फरशीवर बसली. एका बाजूला बॅटरी, समोर उघडं दार, दारात पिशवी छातीशी धरलेली म्हातारी. घूंऽऽ.

ती सूर ऐकत होती. आयुष्यात कुठल्याही गाण्याचा तिने इतका जीव ओतून सूर ऐकला नव्हता. आता खचेल. आता. पण आता भिंतीपलीकडे कुणी हुंकारत नव्हतं. सूर सरळ चालला होता, गवंड्याने ओळंबा धरावा तसा. हिरवा दिवा हिरवाच होता. वाफ येत होती आणि आत जात होती. जिन्यात कुणीतरी धापा टाकत वर चढत होतं, कुठल्यातरी मजल्यावर दार आपटलं, खालच्या खड्ड्यातून कुदळीचा आवाज आला. सासूबाईंच्या ओठांची हालचाल चालू होती. त्या काय म्हणत होत्या ते त्यांनाच माहीत.

वाटीच्या तळाशी औषध फुरफुरायला लागलं. तिने टिचकी मारली, उरलेले थेंब खाली सरकले. शेवटची वाफ. खळीतला खड्डा अजून होता. पण मघाशी त्यात अंगठा बुडाला असता, आता नखच बुडालं असतं. की भास? तिने मान वळवून उजेडात पाहिलं. मग स्वतःवरच चिडून पुन्हा डोळे मिटले.

श्वास आत. शिट्टी, पण तुटक. श्वास बाहेर.

आणि मग मास्कच्या आतून, अगदी बारीक, घसा खरवडत, मशीनच्या सुराच्या जरा खाली:

"ऊंऽऽ."

सासूबाई उंबऱ्यातच खाली बसल्या. चपला घातलेल्या, पिशवी मांडीवर, आणि पदर तोंडात कोंबलेला. त्या हसत होत्या की रडत होत्या ते सांगणं कठीण होतं.

"घुमला," त्या म्हणाल्या. "घुमला गं मेला."

"थांबा," ती म्हणाली. "अजून एकदा येऊ दे."

तो अजून एकदा घुमला. या वेळी लांब.  इतका वेळ तिची कंबर, तिचे खांदे, तिचे दात, सगळं एका जागी आवळलेलं होतं. ते सुटलं तेव्हा तिला थंडी वाजल्यासारखं झालं. तिने मशीन बंद केलं. उरलेली वीज आता कंजुसाच्या सोन्यासारखी जपायची होती.

 मग सासूबाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "पण एकवर तर होती. खरंच होती गं."

"होती, आई. तुमचं काहीच चुकलं नाही. पट्टी माझी आहे." तिने भुंग्याचं कपाळ पुसलं. "आपण जाळाच्या हिशोबाने वाचलं. जाळावर एक म्हणजे बारीक. हिच्यात एक म्हणजे मोठाच, पण थोडा वेळ पेटवून विझवायचा, पुन्हा पेटवायचा."

"म्हणजे लबाडच की ही."

"लबाड नाही. आपल्याला दिसत नाही एवढंच."

"तेच तर मी म्हणत होते पहिल्या दिवसापासून! जाळ दिसत नाही तर कळायचं कसं?" सासूबाईंचा आवाज पुन्हा मूळ पदावर आला होता, आणि तिला तो ऐकून बरं वाटलं. "आणि तुला कसं कळलं?"

"ऐकू आलं."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं. काहीतरी टोमणा ओठांवर येऊन परत गेला असावा. "हं," एवढंच त्या म्हणाल्या, आणि हात पुढे करून त्यांनी सुनेच्या कपाळावरची घामेजलेली बट मागे सारली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं. दोघीही ते झालंच नाही असं दाखवून मोकळ्या झाल्या.

नवरा वर आला तेव्हा अंधार पडत होता आणि वीज तशीच बेपत्ता होती. उघडं दार, दारात चपला घालून बसलेली आई, पॅसेजमध्ये फरशीवर बायको आणि पोर. त्याच्या हातातली मास्कची पिशवी हलायची थांबली.

"काय झालं? कुठे निघालात?"

"कुठे नाही," सासूबाई म्हणाल्या. "वारा खात बसलोय. जिन्यात वारा चांगला येतो म्हणे."

त्याने बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि विनोद केला नाही. खाली बसून त्याने नवा मास्क पंपाला लावला, दोनदा ओढून बघितला, आणि तिच्या हातात दिला. तिने स्वतः तिसऱ्यांदा ओढून बघितला. मग स्वयंपाकघरात जाऊन तिने टॉर्चच्या उजेडात शेगडीवरची पट्टी नखाने खरवडली. ती एका ओढीत निघेना. दवाखान्यातली पट्टी, ती अशी सहज सुटायची नाही. तुकड्या तुकड्याने निघाली. ओट्यावर सूप सांडून थिजलं होतं, भांड्यात वाटीभर उरलं होतं, बोट बुडवलं तर अंगाएवढं कोमट.

तेच तिने भुंग्याला चमच्याने पाजलं. चार चमचे गेले, पाचवा त्याने तिच्या अंगावर उडवला.

"कधी येईल गं ही वीज?" सासूबाईंनी अंधारात विचारलं.

"ठाऊक नाही. आई, मी त्याला घेऊन इथेच अंथरूण टाकते. बॅटरीपाशी."

"फरशीवर? थंडी वाजेल पोराला."

"खाली गादी घालते."

"मग माझीपण घाल," त्या म्हणाल्या. "तू डाव्या बाजूने ऐक, मी उजव्या. मला कमी ऐकू येतं म्हणा. पण दोघी मिळून एक कान होईल."

भुंगा तिच्या दंडावर झोपला. शिट्टी होती अजून, बारीक, श्वास बाहेर पडताना. तिने हिरव्या दिव्याकडे पाहिलं, नव्या मास्कवर हात ठेवला, उशाशी पिशवी आहे ना ते चाचपलं. आणि पुन्हा ऐकायला लागली.